तिकटीवरचं कुत्रं

माझ्या नव्या गाडीला मागून धडक बसली, ती हकिगत मी इतक्या जणांना सांगितली आहे की आता सांगताना हातवारेसुद्धा ठरलेले असतात. शनिवारची सकाळ, राधानगरी रस्ता, धुकं. तांबडं कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला, मागून दूधवाला फटफटीवरून येऊन आदळला. कुत्र्याचा एक कान पांढरा होता. गाडी तेवीस दिवसांची होती म्हटलं की लोक चुकचुकतात. दूधवाल्याचा गुडघा कायमचा गेला म्हटल्यावरही चुकचुकतात, पण जरा कमी. मागून धडकणाऱ्याचीच चूक असते, हे सगळ्यांना पाठ असतं.

त्या रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

हे वाक्य मी आठ वर्षं गिळून बसलो होतो. मागच्या हिवाळ्यात दोन माणसांसमोर बोललो. दोघांनीही ते घेतलं नाही. म्हणून आता लिहून ठेवतो आहे.

मी कोल्हापुरात एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आमचं घर बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव पाटीत भरून नदीला सोडले आणि येताना रिकामी पाटी उलटी करून दोनदा झटकली, असं वडील सांगायचे. त्या झटकण्यावर आमच्या घराची उभारणी झालेली. आमच्याकडे लिंबू म्हणजे सरबताचं नाहीतर लोणच्याचं.

नव्वदच्या दशकात मी सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन बोलायचो. करणी, भानामती, अंगात येणं. सगळ्यात रंगायचा तो उतारा. आजाऱ्यावरून ओवाळून तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं, ठेवलेला दहीभात, हळदकुंकू आणि लिंबू. ज्याच्या पायाखाली येईल त्याला ती पीडा लागते म्हणतात. मी त्या गावच्या तिकटीवरून असा उतारा उचलून आणायचो, लिंबू धुऊन कापायचो, पेल्यात पिळायचो आणि सगळ्यांदेखत प्यायचो. मुलं टाळ्या वाजवायची. बाया पदर तोंडाला लावून बघत राहायच्या, आता हा पडतो की मग पडतो. मी पडायचो नाही. मग हमखास मागून कुणीतरी म्हणायचं, "पटतंय की सर सगळं. पन उगंच कशाला?"

त्या "उगंच कशाला"वर माझं वेगळं अर्ध्या तासाचं भाषण होतं. भीती कबूल करायची लाज वाटते, म्हणून माणूस उगाच कशाला म्हणतो, असं मी सांगायचो. ते वाक्य मला फार आवडायचं.

दोन हजार साल उलटल्यावर गाडी घेतली. पांढरी, चार दारांची, छोटी. शोरूममधल्या माणसानं चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मी वाकून चारही उचलली आणि पिशवीत टाकली. "सर, नवी गाडी आहे, उगाच कशाला..." तो म्हणाला, तशी बायको खुदकन हसली. घरी आल्यावर तिनं त्या लिंबांचं सरबत करून शेजारीसुद्धा दिलं. शेजारीण पेला हातात घेऊन म्हणाली, "हे चाकाखालचंच न्हवं?"

"चाकाखालचंच. चाक धुतलेलं होतं," बायको म्हणाली.

एवढं सगळं खरं. पण हेही खरं की त्या गाडीवर माझा जीव जडला होता. सीटांवरचं प्लास्टिक मी काढू देत नव्हतो. कुणी बॉनेटला टेकून उभं राहिलं की मी त्याला बोलता बोलता बाजूला घ्यायचो. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता खिडकीतून बघायचो, आहे ना. असं मन एखाद्या वस्तूत अडकलं की माणूस काय काय करतो, त्यावरही मी पूर्वी भाषणं केली होती.

त्या शुक्रवारी आईकडे गावी गेलो होतो, गाडी दाखवायला. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा, म्हणून उजाडता उजाडता निघालो. आदल्या दिवशी अमावास्या झाली होती. मला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण ठाऊक होतं.

भोगावतीवरून धुकं उठून उसात बसलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये रस्ता. दिव्यांचा उजेड भिंतीवर पडावा तसा पुढ्यातच पडत होता. थोड्या वेळानं आरशात एक दिवा दिसला. एकच, पिवळा. मी वेग कमी केला, तो मागेच राहिला. वेग वाढवला, तसा तोही वाढला. काच खाली करून पुढे जा म्हणून हात केला. गेला नाही. काच वर घेतल्यावर त्याचा आवाजही येईना, नुसता दिवा येत राहिला, त्याच अंतरावर, मैल दोन मैल. भाषणांमुळे रस्त्यात कुणी मागे लागणं हे काही नवीन नव्हतं. पण मी कोण आहे हे त्या दिव्याला माहीत आहे, असं मला सारखं वाटत होतं. मी विज्ञानाचा शिक्षक, आणि आरशाकडे बघायचं टाळत होतो.

गुऱ्हाळाच्या अलीकडे एका गावाचा रस्ता येऊन मिळतो, ती तिकटी. तिथं धुक्यात रस्त्याच्या मधोमध एक पणती जळत होती. वारा अजिबात नव्हता. ज्योत सरळ उभी. जवळ आल्यावर पत्रावळ दिसली, भात, त्यावर कुंकू, लिंबू, काळ्या फडक्याची बाहुली. दोन चाकांच्या मधून सगळं आरामात गेलं असतं. मला थांबायचं काहीही कारण नव्हतं.

पाय माझाच होता. दुसऱ्या कुणी दाबला नाही. आणि डोक्यात शब्द आले, कानात कुणी बोलल्यासारखे स्पष्ट: उगाच कशाला, गाडी नवी आहे.

आधी पाठीमागच्या सीटवरचं प्लास्टिक कडकडलं. पत्र्याचा आवाज नंतर आला, निदान माझ्या आठवणीत तरी तसंच आहे. मग दुधाच्या किटल्या घरंगळल्याचा आवाज, मग काहीच नाही. गाडी पणतीपासून दोन हातांवर थांबली होती. गाडीखालून दूध पुढे आलं. नुकतं काढलेलं, गरम. त्या थंडीत रस्त्यावरून वाफ उठायला लागली. दूध पत्रावळीपाशी आलं, दोन बाजूंना फाकलं आणि पुढे गेलं. पणती जळतच होती.

आता जे लिहितो आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

दार उघडून मी उतरलो आणि आधी पुढे गेलो. मागे नाही, पुढे. मागे कुणीतरी कण्हत होतं, मला ऐकू येत होतं. मी चिमटीनं पणती विझवली, पत्रावळ बाहुलीसकट उचलली आणि उसात लांब फेकली. पणतीही फेकली. दूध पसरलं होतं त्यामुळे कुंकवाचा डाग राहिला नाही. इतकं सगळं बघून मग मागे वळलो.

गाडीचं मागचं झाकण आत गेलं होतं, एक दिवा फुटला होता. फटफटी आडवी. तिच्याखाली माझ्याच वयाचा माणूस, कानाला मफलर, गुडघा दोन्ही हातांनी धरलेला. मी फटफटी उचलतोय तोवर गुऱ्हाळावरून माणसं धावत आली. पुढे होता तो गुळव्या, म्हणजे रस आटवायच्या काहिलीवर उभा राहून गूळ उतरवणारा.

"काय झालं वो पावणं?"

"कुत्रं," मी म्हणालो. "कुत्रं आडवं आलं."

"कुत्रं? हितं?" त्यानं आजूबाजूला बघितलं. "आमची दोन हाईत, पन ती काळी. कसलं हुतं?"

शिक्षकाला एवढं विचारलं की पुरे. "तांबडं," मी म्हणालो. "एक कान पांढरा."

खाली पडलेल्या माणसानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या मागेच तर होता तो. आता बोलेल, मला वाटलं. तो बघतच राहिला, मी फळ्यावर लिहिलेलं वाचत असल्यासारखा. मग म्हणाला, "व्हय. आलतं. मी बी बघितलं."

"पावणं, तुमास्नी बी लागलंय की," गुळव्या म्हणाला. "हाताला रगात हाय."

मी हात पँटला पुसले.

पुढचं सगळं सरळ झालं, फार सरळ. हवालदारानं दूधवाल्यालाच झापलं, "मागनं ठोकलंस म्हंजे चूक तुझीच. अंतर ठेवाय काय हुतंय?" तो व्हय म्हणाला. माझी गाडी तीन आठवड्यांत दुरुस्त होऊन आली. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाय काही वाकेना. मी एकदा दवाखान्यात मोसंबी घेऊन गेलो. त्यानं विचारलं, "सर, गाडी झाली न्हवं नीट?" मी पाच मिनिटांत उठलो, पुन्हा गेलो नाही.

गावानं ठरवलं की त्याचा डोळा लागला होता. रोज पहाटे म्हशी पिळून शहरात रतीब घालणारा माणूस, दुसरं काय असणार. डेअरीच्या टेंपोवर ड्रायव्हर म्हणून त्याला घ्यायचं चाललं होतं. पाय वाकत नसला तरी चालवीन म्हणत होता तो, पण त्याला कुणी बोलावलं नाही. डुलक्या घेणाऱ्याच्या हातात टेंपो कोण देणार. हे मला वर्षभरानं कळलं, शाळेत, त्या बाजूच्या एका सहकाऱ्याकडून.

गाडीला वास यायला लागला. झाकणाच्या फटीतून दूध आत झिरपून सतरंजीखाली गेलं होतं. धुतलं, वाळवलं, सतरंजी बदलली. उन्हाळ्यात वास जायचा आणि पावसात आंबट होऊन परत यायचा, मागच्या सीटवर कुणीतरी नासकं दूध घेऊन बसल्यासारखा. बायको म्हणायची, "आता काही येत नाही हो वास." मला यायचा.

आणि मग ते कुत्रं दिसायला लागलं.

पहिल्यांदा त्याच सहकाऱ्यानं चेष्टा केली. स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता म्हणाला, "सर, तुमचं कुत्रं आज आम्हाला पण आडवं आलं." सगळे हसले. पुढच्या वर्षी तो हसला नाही. म्हणाला, तिकटीजवळ धुक्यात बसलेलं असतं, तांबडं, पांढऱ्या कानाचं, गाडी जवळ आली की नाहीसं होतं. एसटीचे ड्रायव्हर तिथं हळू घेतात. ट्रॅक्टरवाले हॉर्न देतात. मग कुणीतरी तिथं भाकरी ठेवायला लागलं. अफवा कशी जन्मते, कशी चालायला लागते, याची आकृती मी फळ्यावर खडूनं काढून दाखवायचो. पहिल्या चौकोनात लिहायचो: एक खोटं विधान. बोलावणी येत होती, पण घसा बरा नाही सांगून मी भाषणं बंद केली.

मागच्या हिवाळ्यात गाडी विकायला काढली. मुरगूडकडचा एक माणूस बघायला आला. चाकं बघितली, इंजीन ऐकलं, मागच्या झाकणावरून बोट फिरवलं. "ठोकलीती व्हय?" मी हातवाऱ्यांसकट सुरू झालो. तांबडं कुत्रं म्हटल्यावर त्यानं झाकणावरचं बोट काढून घेतलं.

"राधानगरी रोडचं? तिकटीवरचं? म्हंजे ती गाडी हीच?"

"हीच."

"मग नको सर." तो चपला घालायला लागला. "गाडी झ्याक हाय. पन उगंच कशाला."

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी दूधवाल्याच्या गावाला गेलो. दुपारची वेळ होती. तो गोठ्याच्या सावलीला बसला होता, पाय उपड्या बादलीवर सरळ ठेवलेला. त्याची बायको ओसरीत शेंगा फोडत होती. त्यानं मला लगेच ओळखलं. "या की सर! अगं, सर आलेत. पानी आन." मग पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "उठत न्हाय, राग मानू नगा. ह्यो साहेब वाकत न्हाय कुनाफुडं."

मी पाणी हातात घेतलं आणि प्यायच्या आधीच बोललो. थांबलो असतो तर राहिलंच असतं.

"त्या दिवशी कुत्रं नव्हतं. तिकटीवर उतारा होता. मी त्याला थांबलो."

तो मोठ्यानं हसला. "तुमी? उताऱ्याला? काय चेष्टा करतायसा सर गरिबाची."

"खरं सांगतोय."

"आवो, मी तुमचं भाषान ऐकलंय. आमच्या शाळंच्या पटांगणात. लिंबू पिळून घटाघटा पेलासा. मी म्होरंच बसलोतो की." तो पुढे सरकला. त्याला ते सांगायला आवडत होतं. "त्या सकाळी फाट्यावर गाडीत तुमास्नी बघितलं. म्हणलं, बरं झालं. आदल्या दिवशी अवस झालीती, तिकटीवर कायतरी असनार. दर अवसंला मी मळ्यातनं वळसा मारून जायाचो, भ्याव वाटायचं, खोटं कशाला बोला. म्हणलं आज सर म्होरं हाईत. सर काय थांबायचं न्हाईत. त्यांच्या चाकावर चाक ठेवून निघायचं."

मला तो पिवळा दिवा आठवला.

"म्हणून मागे मागे येत होतात?"

"मग! हात केलासा, फुडं जा म्हणून. मी कशाला फुडं जातोय?" तो पुन्हा हसला. "आनि एकदम थांबलासा. पडल्या पडल्या मला कळंना, सर थांबले कशाला. तुमी कुत्रं म्हणलासा, तवा कळलं."

"पण तुम्ही बघितलं म्हणालात."

"बघितलं की. तुमी म्हणलासा आनि दिसलं. आजून दिसतंय. हिकडनं तिकडं गेलं, शेपूट खाली घालून." त्यानं हवेत बोट फिरवलं. मी शेपटीबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं. "आनि उतारा असता तर मला नसता दिसला व्हय, तितंच पडलोतो मी."

"मी तो उसात फेकला," मी म्हणालो. "तुम्ही पडला होता तेव्हा. तुमच्याकडे यायच्या आधी."

शेंगा फोडल्याचा आवाज थांबला. त्यानं माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघितलं.

"तुमच्या हाताला रगात हुतं त्या दिवशी."

"कुंकू होतं."

आत म्हैस जागची हलली, साखळी वाजली. पेल्यातलं पाणी मी अजून प्यालो नव्हतो. मला वाटलं, आता शिवी देईल. द्यावी, असंही वाटलं. तो पायावरून हात फिरवत राहिला, वरून खाली, दुसऱ्या कुणाचा पाय असल्यासारखा.

"कुत्रंच असू द्या सर," शेवटी तो म्हणाला. "कुत्र्यावर माझा राग न्हाय."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यानं हात वर केला.

"एक करा. माझा डोळा लागला न्हवता. एवढं तिकटीवर जाऊन सांगा. त्यो गुळव्या आजून समद्यांस्नी सांगत बसतोय, डुलकी लागली म्हणून. त्येच्या तोंडानं गाव बोलतंय."

निघताना त्याची बायको गाडीपर्यंत आली. तिनं कागदात गुंडाळलेली एक भाकरी खिडकीतून माझ्या हातात दिली. "तितं ठेवा," ती म्हणाली. "रोज आमी ठिवतोय. आज तुमी ठेवा." मला नाही म्हणता आलं नाही. ती रागानं म्हणाली की श्रद्धेनं, हेही कळलं नाही.

तिकटीवर ऊन होतं. गुऱ्हाळ चालू, काहिलीतून गोडसर वाफ येत होती. गुळव्या आता म्हातारा झाला होता, पण काहिलीवरची नजर तीच. मी त्याच्या बाजूला उभं राहून सगळं सांगितलं. उतारा, पाय, ब्रेक, उसात फेकलेली पत्रावळ, हाताचं कुंकू. उलथणं फिरवत त्यानं ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "झोपला न्हवता म्हंता, असंल. पन कुत्रं न्हाय आसं कसं म्हंतायसा सर? ते काय."

त्यानं मानेनं काहिलीखालच्या चुलवाणाकडे दाखवलं. राखेच्या ढिगाला टेकून एक कुत्रं बसलं होतं. तांबडं. एक कान पांढरा होता. राखेत लोळल्यानं झाला असेल. इतकी वर्षं जिथं रोज भाकरी पडते तिथं एखादं कुत्रं येऊन राहणारच, आणि तांबडी कुत्री काही कमी नाहीत. हे सगळं मी तिथल्या तिथं मनात मांडलं, अगदी आकृतीसारखं. तरी मी एक पाऊल मागे सरकलो.

मी भाकरी मैलाच्या दगडाजवळ ठेवली. होय, ठेवली. कुत्रं उठलं, अंग झटकलं आणि शेपूट खाली घालून आलं. भाकरीकडे त्यानं बघितलं नाही. आधी माझे हात हुंगले, एक, मग दुसरा, सावकाश, बोटांच्या मधून. मग भाकरी उचलून उसात गेलं, जिकडे मी पत्रावळ फेकली होती तिकडे.

"बगा," गुळव्या मागून म्हणाला. आणि जरा वेळानं, "मग त्यो खरंच झोपला न्हवता म्हंता?"

"नव्हता," मी म्हणालो. "टक्क जागा होता. माझ्या चाकावर नजर ठेवून येत होता."